छातीतलं पांढरं पाणी

ती बाटली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, म्हणून राग अजून जात नाही. पोळ्याचे दिवस होते. आमच्या नागपुरात पुरणपोळी तुपाच्या वाटीत बुडवून खातात, मीही खाल्ली. दुसऱ्या दिवशी इतका दम लागला की पुन्हा भरती व्हावं लागलं. पाठीतून सुई घालून छातीतलं पाणी काढलं, तर बाटलीत पांढरंशुभ्र काहीतरी जमू लागलं. सिस्टर म्हणाली, "ताई, हे तर दुधासारखं दिसून राहिलं." डॉक्टरांनी एक नजर टाकली, "पू झालाय, टीबीच्या गोळ्या चालू ठेवा" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

गोळ्या आधीच सुरू होत्या. पहिल्यांदा काढलेलं पाणी फिकट पिवळं होतं. थुंकीत जंतू नाही, पाण्यातही नाही. पण पाण्यात लिम्फोसाइट पेशी जास्त, बाई तिशीतली, वजन उतरलेलं. झालं निदान! घरात माझं ताट वेगळं झालं, जाऊबाईंनी लेकरांना माझ्या खोलीत यायची बंदी केली. मळमळ थांबेना, दम वाढतच गेला.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाण्यातलं ट्रायग्लिसराइड मोजायला लावलं. 100 मिलिलिटरमागे ते 110 मिलिग्रॅमच्या वर गेलं, की तो बहुधा आतड्यातून चरबी वाहून नेणारा रस असतो. माझं त्याहून कितीतरी जास्त निघालं. तो रस नेणारी वाहिनी तुंबून फुटली की छातीत साचतो. पहिल्या वेळी तापामुळे माझ्या पोटात अन्नच नव्हतं, म्हणून तो पांढरा दिसला नाही. तूप पोटात गेलं आणि दुधाळ झाला. आणि लिम्फोसाइट? त्या तर या रसात मुळातच भरपूर असतात. ज्या पेशींवरून मला टीबी ठरवला, त्याच पेशी दुसरं काही सांगत होत्या. एवढीशी तपासणी, त्याच बाटलीतल्या चमचाभर पाण्यात झाली असती. हे आठवलं की आजही झोप उडते.

सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत पातळ भिंतीच्या गोल पोकळ्या दिसल्या. लिम्फँजिओलियोमायोमॅटोसिस, थोडक्यात लॅम. हा दुर्मीळ आजार जवळजवळ बायकांनाच होतो. स्कॅन आणि ते पाणी मिळून निदान पक्कं झालं, फुप्फुसाचा तुकडा काढावा लागला नाही. औषध सिरोलिमस. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून ते सुरेन सेहगल या आपल्याकडच्या शास्त्रज्ञाच्या चमूने कॅनडात शोधलं. लॅममध्ये ते फुप्फुसांची घसरण रोखतं, हे 2011 साली चाचणीतून दिसलं. धंतोलीतल्या औषधवाल्याने चिठ्ठी पाहून विचारलं, "किडनी बदलली का?" कारण ते मुख्यतः त्यासाठीच जातं. काही महिन्यांत माझं पाणी साचणं थांबलं.

बायांनो, हा आजार प्रत्येकीत सारखा दिसत नाही. कुणाचं फुप्फुस पुन्हा पुन्हा फुटून छातीत हवा भरते, कुणाच्या किडनीतल्या गाठीतून रक्तस्राव होतो, कुणाच्या पोटातली गाठ कॅन्सर वाटते. दम्याच्या औषधांनी किंवा टीबीच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर छातीचा बारीक काप घेणारा सीटी स्कॅन मागा. निदान झालं असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळा आणि दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोला.

टीबीचं नाव काढलं तरी मी चिडायचे. पण भाच्याचा खोकला थांबेना, तेव्हा "आधी टीबी तपासा" असं मीच म्हटलं. इथे सुरुवात तिथूनच करावी लागते, हे मलाही पटतं. सुरुवात तिथून केली याचा राग नाही, गोळ्यांनी गुण येत नसतानाही तिथेच थांबले याचा आहे.

जाऊबाई म्हणाल्या, "टीबी नव्हता न, सुटली तू बापा." टीबी औषधांनी बरा होतो, लॅम फक्त आटोक्यात ठेवता येतो. तरी सगळ्या घराला हायसं वाटलं. आणि खरं सांगते, पुन्हा सगळ्यांसोबत पंगतीला बसले तेव्हा मलाही.