उलटं वळलेलं धनुष्य

ओरछ्याच्या रामराजा मंदिरातल्या रामाच्या हातात धनुष्य नाही. झाशीपासून जेमतेम तासाभराच्या आत गाठता येणाऱ्या या देवळात राम देव म्हणून कमी आणि राजा म्हणून जास्त नांदतो. पोलीस त्याला रोज सलामी देतात आणि तो मांडी घालून, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ढाल घेऊन बसलेला असतो. झाशीत शिरावं तर चौकातल्या पुतळ्यात घोड्यावर बसलेल्या राणी लक्ष्मीबाईंच्या हातीही तलवारच. किल्ल्याच्या दाराशी कडकबिजली तोफ. शस्त्रांच्या या मुलखात धनुष्याला मात्र कोणी वाली उरलेला दिसत नाही.

त्यामुळे माळ्यावरच्या अडगळीतून किंवा जुन्या बाजारातून एखादं धनुष्य हाती आलं की पंचाईत होते. तलवार असेल तर तिचं नातं कोणाशी जोडायचं हे झाशीत शिकवावं लागत नाही. मराठा सुभेदार नारो शंकरांच्या आणि पुढे नेवाळकर घराण्याच्या काळात इथे आलेल्या मराठी घरांमध्ये जुनी म्हणून जी वस्तू असेल, ती ‘बाईसाहेबांच्या वेळची’ ठरायला वेळ लागत नाही. यात लबाडीपेक्षा पोकळी भरून काढायची धडपड अधिक असावी. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजा शहरात घुसल्या, तेव्हाची लूट आणि कत्तल वरसईच्या विष्णुभट गोडसे भटजींनी स्वतः पाहिली. १९०७ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये ग्रंथसंग्रहाच्या नासाडीचीही हकीकत आहे. जिथे पोथ्या उरल्या नाहीत तिथे शस्त्रांची दफ्तरं कुठून उरणार? कागद नसले की गोष्टी येतात.

म्हणून जुन्या धनुष्याला आधी त्याची वंशावळ विचारू नये. ते कशाचं आहे, एवढंच पाहावं.

ओळखायला सगळ्यात अवघड आणि म्हणूनच सगळ्यात देखणं असतं ते जोडकामाचं धनुष्य. मध्ये लाकडाचा गाभा, तिरंदाजाच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी, लक्ष्याच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं सरसाने एकजीव केलेलं. शिंग दाब सोसतं, तंतू ताण सोसतात. वर रंगरोगण आणि बहुधा सोनेरी वेलबुट्टी, त्यामुळे आतलं काहीच दिसत नाही; एखाद्या भेगेत केसासारखे तंतू दिसले तरच खूण पटते. याची खोड अशी की दोरी उतरवली की ते उलट्या बाजूला वळतं, इतकं की कधी कधी दोन्ही टोकं एकमेकांजवळ येतात. ही उलटी कमान पाहून नवखा माणूस तिलाच सुलटी समजतो आणि आहे त्या वळणात दोरी बांधून मोकळा होतो. अशी उफराटी सजवलेली धनुष्यं दिवाणखान्यांत टांगलेली असतात. टांगलेली आहेत तोवर ठीक. कोणी हौसेने दोरी ओढली तर शिंग आणि तंतू यांची कामं उलटीपालटी होतात आणि दोनशे वर्षं टिकलेली वस्तू क्षणात मोडते.

दुसरा प्रकार हिंदुस्थानाचा खास: अख्खं पोलादी धनुष्य. लोहारांनी त्याला शिंगाच्या धनुष्याचाच घाट दिला. काही धनुष्यं तर मुठीपाशी पेचाने दोन तुकड्यांत उलगडतात. बाण सोडण्यात ते शिंगाच्या धनुष्याहून मंद, कारण पोलादी बाहूंचं वजन हलवण्यातच बरीच ताकद खर्च होते. मग ते घडवलं कशासाठी? उत्तर हवेत आहे. बुंदेलखंडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, लू वाहते, आणि दोन महिन्यांत सगळं ओलंचिंब होतं. सरस आधी तडकतो, मग मऊ पडतो. पोलादाला तेलाचा हात फिरवला की ते शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहू शकतं.

बांबूची धनुष्यं वेगळी. दोन दोऱ्या आणि मध्ये कापडाची किंवा चामड्याची पट्टी असेल तर ती गुलेल. तिच्यातून बाण नव्हे, मातीच्या गोळ्या सुटत. दोरीही बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची असेल तर भिल्लांच्या तीरकामठ्याची आठवण व्हावी.

आता तो ‘बाईसाहेबांच्या वेळचा’ प्रश्न. १८५७ साली धनुष्य नुसतं शोभेचं झालं होतं, असं म्हणून तो झटकून टाकता येत नाही. लखनौच्या शाह नजफ इमामबाड्याच्या भिंतींवरून त्या नोव्हेंबरात गोऱ्या पलटणींवर बाण आले. ९३ व्या हायलँडर पलटणीतल्या विल्यम फोर्ब्स-मिचेलने १८९३ च्या आठवणींत हे नोंदवलं आहे. समोरच्या तिरंदाजांकडे पाहून सैनिकांना आधी हसू आलं आणि मग ते ओसरलं. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येत तलवारी, भाल्यांबरोबर धनुष्यबाणही घातले. सरकारला ते खेळणं वाटत नव्हतं. तेव्हा झाशीतलं एखादं धनुष्य त्या काळातलं असू शकतं. ‘असू शकतं’ आणि ‘होतं’ यांत जे अंतर आहे, ते विकणारा नेहमी एका उडीत ओलांडतो. घेणाऱ्याला मात्र १९७२ चा पुरावस्तू कायदा ठाऊक असावा: शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

डागडुजीचा मोह खरा यापुढे सुरू होतो. मराठी घरात शस्त्र वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हमखास बाहेर येतं. राखेने, चिंचेने, विटेच्या भुकटीने घासून लखलखीत केलं जातं, मग हळदकुंकू आणि फुलं. साध्या तलवारीला हे एक वेळ सोसतं. पोलादी धनुष्यावर कोफ्तगिरी असेल तर मात्र ही भक्ती महागात पडते. तिथे लोखंडावर बारीक रेघांची जाळी काढून तिच्यात सोन्यारुप्याची तार ठोकून बसवलेली असते, आणि तिची जाडी नावालाच. पन्नास नवम्या झाल्या की नक्षी हातावर उतरलेली असते. भंगारातून आणलेल्या धनुष्यावर सँडपेपर फिरवणारा हौशी माणूस तेच काम एका दुपारी उरकतो. गंज हटवायचाच तर तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने, बोटाएवढी जागा घेऊन, आणि सोनं दिसलं की हात मागे. नंतर मेणाचा पातळ थर पुरे.

शिंगाच्या धनुष्याच्या बाबतीत तर बरीचशी डागडुजी म्हणजे काही न करणं. दोरी चढवायची नाही, शेकून सरळ करायचं नाही, सुटलेले तंतू बाजारातल्या झटपट गोंदाने चिकटवायचे नाहीत. तंतू आणि शिंग खाणारे किडे येतात, त्यांच्यावर नजर ठेवायची आणि धनुष्याच्या वळणाला आधार देणारी गादी करून आडवं ठेवायचं. ज्याचं सगळं आयुष्य ताणात गेलं त्याला ताणापासून जपायचं, हे हौशी तिरंदाजाच्या पचनी पडत नाही. कोरियात शिंगाची धनुष्यं आजही चालतात, पण ती नवी घडवलेली असतात आणि उबदार कपाटांत कोरडी ठेवली जातात. तिथल्या कौशल्यावरून इथल्या मृत सरसाला जिवंत समजू नये.

बाण सोडायचेच असतील तर विसाव्या शतकातलं जुनं धनुष्य घ्यावं. पियानो करणारी यामाहा कंपनी १९५९ पासून २००२ पर्यंत धनुष्यंही करत होती; तिची आणि अमेरिकन बेअरची लाकूड-फायबरग्लासची धनुष्यं अजून हातोहात फिरतात. बाहूवर लांबी आणि २८ इंच ओढीला लागणारा जोर पौंडांत लिहिलेला असतो, त्यामुळे वंशावळीचा प्रश्नच नाही. फक्त इंग्लंडच्या अ‍ॅकल्स अँड पोलॉकच्या पोकळ पोलादी नळीच्या धनुष्यांपासून दूर राहावं: गंज आतून लागतो, बाहेरून काही कळत नाही आणि बाहू एकाएकी तुटतो. बाकीच्यांत बाहूला पीळ आहे का, थर सुटलेत का, टोकाच्या खाचेत चीर आहे का, हे भिंगाने पाहावं. दोरी डेक्रॉनची घ्यावी. नव्या, न ताणल्या जाणाऱ्या धाग्यांचा झटका जुन्या टोकांना सोसत नाही. ती चढवायला पायात अडकवून धनुष्य वाकवू नये, त्यासाठीची वेगळी दोरी मिळते. मग एकदम पूर्ण न ओढता थोडं थोडं ओढत कान द्यावा. करकर ऐकू आली तर तिथेच थांबावं.