आधी पाणी, मग दवाखाना

दिमोना, बेरशेबा, लोद, अश्दोद येथे आपल्या समाजातील पुष्कळांनी कारखान्यांत राबून संसार उभे केले. आजही कित्येकजण कारखान्यांत वा सफाईच्या कामावर आहेत. नर्स म्हणून जे पाहिले, त्यातून त्यांच्यासाठी हे चार शब्द.

कॉस्टिक सोडा फार कपटी. आम्ल अंगावर पडले की आग होते. माणूस नळाकडे धाव घेतो. सोडा आधी नुसता बुळबुळीत लागतो, वेदना मागाहून येते. आपले पूर्वज तेली. तेलात सोडा घातला की साबण होतो. तीच क्रिया अंगातल्या चरबीवर होते आणि सोडा खोल उतरत जातो.

एका कापड गिरणीतले दोन कामगार मला आठवतात. दोघांच्याही डोळ्यांत सोडा उडाला होता. पहिल्याला सोबत्यांनी मायेपोटी तसाच गाडीत घालून आणला. वाटेत वीस मिनिटे गेली आणि डोळाही गेला. दुसऱ्याला, काही महिन्यांनी, एका वयस्क मुकादमाने नळाखाली धरले. तो ओरडत होता तरी सोडले नाही. त्याची दृष्टी वाचली. त्या मुकादमाला शिक्षण बेताचेच होते, पण डॉक्टरांच्या आधीचे काम त्याने केले होते.

म्हणून, पापण्या उघड्या धरून नळाच्या साध्या पाण्याने निदान वीस मिनिटे डोळा धुवावा. अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे लगेच काढावेत. तेथे लाज कामाची नाही. सोड्यावर उतारा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर ओतू नये. दुसऱ्याने तोवर १०१ ला फोन करावा. शब्बाथ असला तरी करावा. जीव वाचवण्याच्या आड शब्बाथ येत नाही.

सफाई करणाऱ्या भगिनींनी एकोनोमिकात दगडी क्षार काढण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो व छातीत भरतो. कसलेही रसायन सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नये. बाटलीवरचे हिब्रू वाचता आले नाही, तर शेजारच्याला विचारावे. आपल्यातली पुष्कळ माणसे विचारायला संकोचतात. तो संकोच महाग पडतो.

नव्या कामावर जाल त्या पहिल्याच दिवशी नळ कोठे आहे ते पाहून ठेवा, आणि एकदा डोळे मिटून तेथवर चालत जाऊन पाहा. प्रसंग आला तर तसेच जावे लागेल.