सांध्यावरची तारीख

घरात कार्य ठरले की आपल्याकडे वह्या निघतात. एक आमंत्रणांची, एक आहेर-मानपानाची, एक आचाऱ्याने सांगितलेल्या सामानाची. प्रत्येक वही आपापल्या परीने चोख असते. घोटाळा होतो तो दोन वह्यांच्या मधल्या जागेत. पाहुणे आदल्या दिवशी सकाळीच उतरणार हे आमंत्रणांच्या वहीत लिहिलेले असते आणि आचाऱ्याने मात्र चूल संध्याकाळी पेटवायची असे धरलेले असते. बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांच्या उभारणीत नियोजनाचे काम करण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. तेथे वह्यांऐवजी संगणकाच्या फाइली होत्या. मधली जागा तीच होती.

कामांची काळाशी सांगड घालण्याचे हे शास्त्र फार जुने नव्हे. १९५७ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या कामासाठी मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी त्याची एक पद्धत बसविली. कोणते काम कोणत्या कामावाचून अडते हे मांडीत गेले की सर्वांत लांब अशी एक साखळी हाती लागते. तिला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. इतर कामांना थोडीफार सवड असते. या साखळीतल्या कामाला एका दिवसाचीही नसते.

आपणा मराठी माणसांना याचे जवळचे उदाहरण म्हणजे कोकण रेल्वे. रोह्यापासून मंगळूरकडे जाणारा सुमारे ७४० किलोमीटरांचा तो मार्ग सात विभागांत वाटून बांधला गेला. १९९३ साली दोन्ही टोकांच्या तुकड्यांवर गाड्या धावू लागल्या. परंतु गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात मऊ, ओली माती पुनःपुन्हा ढासळत राहिली, आणि सलग प्रवासाला १९९८चा जानेवारी उजाडावा लागला. दोन्ही बाजूंचे रूळ त्या एका बोगद्याची वाट पाहत राहिले.

मोठे काम असे वाटूनच करावे लागते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पाया-बांधकामाची, यंत्रजोडणीची, विजेची अशा वेगवेगळ्या फाइली ठेवतात व त्या सर्व एका मुख्य फाइलीत गुंफतात. एका फाइलीतले काम दुसरीतल्या कामाशी जोडता येते. मग ते परके काम आपल्या फाइलीत करड्या रंगाने दिसते. क्रेन दोघांत एकच असेल, तर साधनांची यादीही सामाईक ठेवावी लागते. नाही तर दोन विभाग एकाच दिवशी तीच क्रेन निर्धास्तपणे आपल्या नावावर लावून बसतात. फाइल सुटी पाहिली तर प्रत्येकाला आपलीच शेवटची तारीख सर्वांत मोलाची वाटते. सगळ्या एकत्र मांडल्या म्हणजे खरी साखळी कोठून जाते ते कळते.

मात्र हा दुवा म्हणजे अखेर एका फाइलीचा पत्ता असतो. पत्ता चुकला की निरोप पोचत नाही. २००६ सालच्या फेब्रुवारीत एका कारखान्यात हे मी पाहिले. बांधकाम विभागाने महिना बदलताच आपली फाइल नव्या नावाने जतन केली आणि पुढचे सारे फेरफार त्या नव्या प्रतीत केले. यंत्रांचे पाये बारा दिवस उशिरा मिळणार, हे तीत प्रामाणिकपणे नोंदलेलेही होते. पण यंत्रजोडणीची फाइल जुन्या प्रतीशीच बांधलेली राहिली. जुनी प्रत जागच्या जागी होती, म्हणून संगणकानेही काही कुरकुर केली नाही. पडद्यावर सारे यथास्थित होते.

त्या यथास्थित तारखेप्रमाणे ठेकेदाराने झाबुआ-दाहोदकडचे चाळीसेक मजूर आणून ठेवले. बायका-मुलांसह ती माणसे कुंपणाकडेला कापडी आडोशांत राहिली. काम नाही, म्हणून मजुरी नाही. शिवाय पुढे काम बारा दिवसांनी सरकणार, म्हणजे ऐन होळीपूर्वीच्या भगोरियाच्या आठवड्यात येणार. वर्षभर ज्या मेळ्याची वाट पाहायची, तोच हुकणार. त्यांच्यातला एक वयस्कर मुकादम मला म्हणाला, "साहेब, तारीख तुमचीच होती ना?" त्याला फाइलींचे काय सांगणार?

दोन्ही प्रती छापून मी त्या प्रकल्पप्रमुखांसमोर ठेवल्या. उशीर मजुरांचा नव्हे, ठेकेदाराचाही नव्हे; तो दोन टेबलांच्या मध्ये हरवला होता, हे त्या दोन कागदांवरून कोणालाही दिसण्यासारखे होते. बरीच घासाघीस होऊन बसल्या दिवसांची अर्धी मजुरी मान्य झाली. मेळ्यासाठी चार दिवसांची सुटीही मिळाली, आणि ते चार दिवस क्रेनच्या दुरुस्तीत बसविले. पूर्ण न्याय झाला असे म्हणवत नाही.

त्यानंतर आमच्याकडे दोन नियम झाले. चालू फाइलीचे नाव कधी बदलायचे नाही; जुन्या प्रतीवर तारीख घालून ती वेगळ्या कप्प्यात ठेवायची. आणि फाइलींमधल्या प्रत्येक सांध्याची एक साधी कागदी यादी करायची : देणारा कोण, घेणारा कोण, तारीख कोणती. दर शनिवारी दोघांनी समोरासमोर बसून तिच्यावर सही करायची. नव्या मुलांना हे जुनाट वाटे. संगणक आपोआप कळवीत असता कागद कशाला, असे ती विचारीत. संगणक कळवितो हे खरेच. पण कळविलेली तारीख खरी आहे की नाही, हे ती देणारा माणूसच सांगू शकतो, आणि समोर बसलेल्या घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून खोटी तारीख देणे जड जाते.

पुढे त्या यादीत मी आणखी एक रकाना वाढविला : या तारखेवर कोण येऊन थांबणार आहे. तो भरताना मात्र कोणी मुलगा कधी हसला नाही.