बॅटरीचं बटण



बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या शेजाऱ्यांना आमच्या बाबांचा व्हिडिओ लाइट आठवत असेल. नोकरी सांभाळून ते लग्नमुंजींचं शूटिंग करायचे. मी मागे लाइट धरून उभा. रेक्झिनच्या पिशवीतली 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी अडीच किलोची. पोराला जड होईल म्हणून तीही त्यांच्याच खांद्यावर.

1994 साली लाइटचं बटण बिघडलं. बाबांनी 40 रुपये दिले आणि बजावलं, ‘गाड्यांच्या दुकानातून आण, हेडलाइटला लावतात तसलं.’ मी रेडिओच्या सामानातलं छोटं खटक्याचं बटण 8 रुपयांत घेतलं. उरलेल्यात मित्राबरोबर सेवउसळ, तीही दोनदा तर्री मागून!

मला त्यात चूक वाटलीच नव्हती. लाइट 50 वॅटचा, म्हणजे चार अँपिअर आणि थोडं वर. बटणावर 6 अँपिअर छापलेलं. झालं की! पण तो आकडा एसीचा होता. घरच्या विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटण उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या डीसीत तसं होत नाही. शिवाय हॅलोजनची तार थंड असताना पहिल्या क्षणी दहापट तरी प्रवाह ओढते. माझं गणित चालू दिव्याचं होतं, पेटवण्याच्या क्षणाचं नव्हे. हे सगळं मला फार नंतर कळलं.

ओळखीच्यांच्या वरातीत बाबांनी बॅटरी वाचवायला लाइट बंद केला, तर तो बंदच होईना. आतले संपर्क एकमेकांना चिकटले होते. घाईत त्यांनी पिशवीत हात घालून वायर ओढली. माझा टाका सुटला आणि उघडं टोक बॅटरीच्या दुसऱ्या टर्मिनलला लागलं. फ्यूज नव्हताच. वायर क्षणात लाल झाली, रेक्झिन पेटलं. उजव्या तळहातावरचा तो आडवा डाग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून बाबा गाड्यांच्या दुकानात गेले आणि चार लोकांत त्या काकांना नको नको ते बोलले. ते परोपरीने सांगत होते, ‘साहेब, हे बटण माझं नव्हेच.’ मी पायरीवर उभा होतो. काही बोललो नाही. बाबा त्या दुकानात पुन्हा कधी गेले नाहीत.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीने पक्ष्यांच्या शूटिंगसाठी बॅटरी पॅक बांधायला घेतला. लिथियम आयर्न फॉस्फेटचा, 12.8 व्होल्टचा, पुढे व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर, मग कॅमेरा. कन्व्हर्टरमधले कपॅसिटरही पहिल्या झटक्याला भरपूर प्रवाह ओढतात, म्हणून मी तिला बटणावरचा डीसीचा आकडा बघायला सांगत होतो, तोही गरजेच्या दुपटीने तरी. आणि बटण खोलगट किंवा झाकणाचं हवं, नाहीतर बॅगेत आपोआप दाबलं जातं. बाबा आता 82 वर्षांचे. त्यांनी तिचं बटण भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, ‘हे एसीचं आहे गं. असंच एक मला फसवून विकलं होतं.’

मग मी सांगितलं. चाळीस रुपये, आठ रुपये, सेवउसळ, सगळं.

रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे त्या माणसाला मी उगाच बोललो रे.’ ते दुकान आता नाही, तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. काकांच्या घरचं कुणी कुठे असतं, हे आम्हाला ठाऊक नाही.

संध्याकाळी तिघं जोडणीला बसलो. धन टोकाला अगदी बॅटरीजवळ गाडीतला 5 अँपिअरचा फ्यूज, पुढे त्याच वायरीवर बटण, प्रत्येक टाक्यावर आकसणारी नळी. कॅमेरा लावण्याआधी मल्टिमीटरने धन-ऋण दोनदा तपासलं. शूटिंग आधी कॅमेऱ्यावरूनच थांबवायचं आणि मगच हे बटण बंद करायचं, नाहीतर चालू फाइल अर्धवट राहू शकते, हेही तिला सांगितलं.

बाबांनी जुना लाइट माळ्यावरून काढायला लावलाय. त्यालाही नवं बटण हवंय त्यांना. या वेळी दुकानात ते स्वतः येणार आहेत.