मॅडम, गाडी कोण चालवतं?

गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलंय, एवढंच मी सांगितलं होतं. त्यावर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं, "मॅडम, गाडी कोण चालवतं?" मीच, म्हटल्यावर तो एकदम निवांत झाला. निदान झालं होतं. "क्लचवर पाय राहत असेल. लेडीजचा राहतो."

मी सातारा-कऱ्हाड रोज ये-जा करते, दोन्ही वेळचे मिळून शंभर किलोमीटर. तोच हायवे, तीच वेळ, सत्तर-ऐंशीचा वेग, बहुतेक वाट पाचव्या गिअरमध्ये. क्लचला पाय लावायला सवडच कुठे मिळते? गाडी पेट्रोलची, सहा वर्षांची. अ‍ॅव्हरेजची वही ठेवायची सवय वडिलांच्या स्कूटरपासूनची. टाकी फुल करायची, नोझल आपोआप बंद पडलं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच फुल करायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. एखाद्या टाकीचा आकडा फसवतो, तीन-चार टाक्यांची सरासरी सहसा फसवत नाही. ती सरासरी कित्येक वर्षं १९ च्या आसपास होती. पावसाळा संपता संपता १६ वर आली.

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी इथेनॉलला धरलं. त्यात तथ्य आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की थोडा फटका बसणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६-७ टक्के घट धरलेली आहे. पण माझी घट त्याच्या दुपटीहून जास्त, आणि ते पेट्रोल तर आधीपासूनच टाकीत जात होतं. मग पंपावर संशय घेतला. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागितलं. मुलाने कपाळाला आठ्या घातल्या, पण माप बरोबर भरलं. (हे माप मागायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे. मागत चला.)

तेव्हा वही घेऊन मी सर्व्हिस सेंटरला गेले होते. त्याने ती उघडलीसुद्धा नाही. डॅशबोर्डवरचा १८.२ चा आकडा दाखवून म्हणाला, "गाडी स्वतःच सांगतेय की!" तो आकडा गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टरच्या हिशोबावरून काढतो, मोजून भरलेल्या पेट्रोलवरून नव्हे, हे मी बोलून पाहिलं. मग त्याने मला एआरएआयचा आकडा समजावला. तो प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून काढतात. रस्त्यावर तेवढं मिळत नसतं. अहो, पण त्या आकड्याची मागणी केली कुणी? मी माझ्याच गाडीच्या १९ शी तुलना करत होते! गाडी किंचित डावीकडे ओढते, हेही सांगितलं. त्यावर व्हील अलाइनमेंट करून दिलं. शिवाय इंजेक्टर क्लीनिंग, शिवाय डीकार्ब. बिलात आणखी एक ओळ होती: 'ब्रेक क्लीनिंग, चारही चाके'. ती लक्षात ठेवा.

अ‍ॅव्हरेज १६ च राहिलं. पुन्हा गेले. या वेळी जॉब कार्डावर शेरा पडला: 'ग्राहकाला योग्य ड्रायव्हिंगची माहिती दिली.' सही माझी घेतली.

पुढे उंब्रजजवळ पुढचं डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "ताई, हे चाक पेटलंय. ब्रेक धरून बसलाय." जॅकवर उचललेलं चाक हाताने फिरेना. मग त्याने उजवं उचलून दाखवलं, ते सहज फिरलं. शेजारच्या मेकॅनिकने कॅलिपर खोलला. रबराचं बूट फाटलेलं, आत चिखल, पिना गंजून अडकलेल्या, ग्रीसचा मागमूस नाही. आतला पॅड लोखंडाला टेकलेला, बाहेरचा जाडजूड. म्हणजे ब्रेक दाबून सोडला तरी पॅड डिस्कला घासतच होता आणि इंजिन त्याच्याविरुद्ध गाडी ओढत होतं. डावीकडे ओढणंही त्याचंच. नवे बूट, नवे पॅड, पिना घासूनपुसून ग्रीस. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. आता वहीत १८.५ पडतंय.

ब्रेक क्लीनिंगचे पैसे घेतलेल्या गाडीचं ते चाक त्यांनी काढलं तरी होतं का?

पैशांचं मला फारसं वाटत नाही. शंभर किलोमीटरला जवळपास एक लिटर जादा, म्हणजे रोज शंभरावर रुपये. महिन्याचा हिशोब केला तेव्हा कळलं की वाटतंच. पण ब्रेक हा काही निव्वळ अ‍ॅव्हरेजचा भाग नाही. त्या चाकावर मी शेंद्रे ओलांडून रोज ऐंशीने जात होते.

अ‍ॅडव्हायझरचा नंतर फोन आला, फीडबॅकमध्ये दहापैकी दहा द्या म्हणून. नाहीतर माझा इन्सेन्टिव्ह कापतात. कोवळा पोरगा. डीकार्ब विकायचं टार्गेट त्याच्यावर, राग त्याच्यावर कशाला काढायचा, असं मनात आलं. मी दोन दिले.

टायरची हवा सकाळी, चाकं गार असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे पाहावी, हे सगळ्यांना माहीत असतं. माझी एवढी भर घाला. ब्रेक फारसा न वापरता काही अंतर गेलात की थांबून चारही चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलेलं लागलं तर बाकी निदानं बाजूला ठेवा. आणि बिलात ब्रेक क्लीनिंग लिहिणार असतील, तर वेटिंग रूममधल्या कॉफीचा मोह सोडून चाकं उतरवताना समोर उभे राहा, पॅड दाखवायला सांगा.