फर्रुखनगर : मिठाचे गाव, पाखरांचे तळे

मीठ म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर वसई-उरणची मिठागरे येतात. समुद्रच नाही तिथे मीठ कुठले? पण समुद्रापासून शेकडो कोस दूर, दिल्लीच्या नैर्ऋत्येला, हरियानात असे एक छोटेसे गाव आहे, जे एके काळी मिठावरच जगत होते. गुडगाव म्हणजे आताच्या गुरुग्रामपासून सुमारे २१ किलोमीटरवरचे हे फर्रुखनगर. रेताड जमीन, कीकरची काटेरी झुडपे, मधूनच मोहरीची पिवळी शेते आणि उन्हाळ्यात भाजून काढणारी लू; राजस्थानचे वाळवंट फार लांब नाही, हे इथे येताच कळते. दिल्लीला आलेले पाहुणे लाल किल्ला, कुतुबमिनार, फार तर आग्रा करून परततात. मुले बरोबर असतील तर हिवाळ्यातला एक दिवस या बाजूला जरूर काढावा.

पहाटे निघून आधी वाटेवरचे सुलतानपूर गाठावे. मुले कुरकुरतील, पण ऊन चढले की पक्षी दूर जातात. जेमतेम दीड चौरस किलोमीटरचे हे राष्ट्रीय उद्यान. तळ्याभोवती पायवाट आहे, निरीक्षणासाठी मनोरे आहेत. सायबेरिया, मध्य आशिया अशा थंड प्रदेशांतून आलेली बदके इथे हजारोंनी उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात. मुलांना हे सांगितले की दुर्बिणीसाठी ओढाओढ सुरू होते! पावसाळ्याच्या अखेरीस तळ्यातील बाभळींवर चित्रबलाक घरटी बांधतात. सारसांची जोडी आणि पलीकडच्या गवतात चरणारी नीलगाय दिसली, तर सकाळ सार्थकी लागली म्हणायची.

हे तळे वाचले ते एका परदेशी पत्रकारामुळे. दिल्लीत रॉयटर्ससाठी काम करणारे पीटर जॅक्सन पक्षीवेडे होते. या जागेचे रक्षण व्हावे म्हणून त्यांनी थेट इंदिरा गांधींना पत्र लिहिले. १९७१ साली तिथे पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र झाले, १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०२१ मध्ये रामसर यादीत नाव. मात्र नुसत्या पावसावर तळे भरत नाही, कालव्याचे पाणी सोडावे लागते. आजूबाजूला गुरुग्रामच्या इमारती वाढत असताना ते पाणी दर वर्षी मिळणे किती मोलाचे आहे, हे मोठ्यांनी मुलांना अवश्य समजावून सांगावे.

तिथून फर्रुखनगर सहा-सात किलोमीटरवर. मोगल बादशहा फर्रुखसियरच्या नावाने फौजदारखान या पहिल्या नवाबाने १७३२ मध्ये हे गाव वसवले. जमिनीखालचे पाणी खारे. विहिरींतून ते उपसून उथळ वाफ्यांत सोडायचे, उन्हात आटवायचे आणि खाली उरलेले मीठ गोळा करायचे, हाच इथला धंदा. 'सुलतानपुरी मीठ' म्हणून ते दूरवर जाई. त्यासाठीच इंग्रजांनी १८७३ मध्ये दिल्लीहून गढी हरसरूमार्गे इथवर रेल्वे आणली. देशातल्या पहिल्या मीटरगेज मार्गाचा हा भाग! पण ज्या रेल्वेने इथले मीठ बाहेर नेले, तिच्याच जाळ्यावरून पुढे सांभर सरोवराचे अधिक शुद्ध मीठ सगळीकडे पोहोचू लागले. वर कराचा बोजा होताच. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत इथली मिठागरे बंद पडली. स्थानक मात्र आजही आहे. मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे.

गावात नवाबांचा शीशमहाल आहे. लाल दगडाच्या या दुमजली वाड्यातले आरसे आता नावापुरतेच उरले आहेत, तेव्हा जयपूरचा थाट डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नये. १८५७ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल इथल्या शेवटच्या नवाबाला, अहमद अलीखानाला, इंग्रजांनी १८५८ मध्ये फाशी दिले; ही गोष्ट माहीत असली की पडक्या भिंतीही बोलू लागतात. झज्जरी दरवाजाजवळची अष्टकोनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, मुलांना वाड्यापेक्षा जास्त आवडते. तिथे त्यांचा हात मात्र सोडू नये.

पतौडीचा राजवाडाही याच बाजूला, पण ती खासगी मालमत्ता. नुसते फाटक पाहण्यासाठी वाट वाकडी करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या रविवारी रेवाडी गाठावी. तिथल्या १८९३ च्या इंजिन शेडमध्ये वाफेच्या इंजिनांचे संग्रहालय आहे. १८५५ साली तयार झालेली 'फेअरी क्वीन' आणि 'अकबर' ही या शेडची लाडकी इंजिने. आजोबा बरोबर असतील तर कोळशाच्या धुराच्या आठवणी ऐकायची तयारी ठेवावी.

सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सुलतानपूर मंगळवारी आणि पावसाळ्याच्या महिन्यांत बंद असते. डिसेंबर-जानेवारीत धुके दाट असेल तर तासभर उशिराच निघावे. स्वेटर, टोप्या, दुर्बीण आणि पोळीभाजीचा डबा बरोबर असावा. पिण्याचे पाणी घरूनच भरपूर न्यावे. हा खाऱ्या पाण्याचा मुलूख आहे.