भाच्याची मोटार आणि शेजाऱ्याची जोडी

माझा भाचा पुण्याला नोकरीस असतो. यंदा संक्रांतीला तो आपली मोटार घेऊन समृद्धी महामार्गाने वर्ध्याला आला. तो येण्याआधीच बहिणीने मला फोनवर बजावून ठेवले होते, "दादा, त्याला चार शब्द समजावून सांग. मोटार पळवण्याचे खूळ डोक्यात घेतले आहे." तिची काळजी खोटी नव्हती. याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ 1 जुलै 2023 च्या रात्री खासगी बस पेटून 25 माणसे गेली. त्यांत आपल्या वर्धा जिल्ह्यातलीही माणसे होती. तेव्हापासून वेगाची गोष्ट आमच्या घरात कोणी हसत काढीत नाही.

समजावण्याचे काम मी दुसऱ्या दिवसावर टाकले. दुसऱ्या दिवशी आर्वी तालुक्यातल्या एका गावी शंकरपट होता आणि आमच्या शेजाऱ्याची जोडी पहिल्यांदाच पटावर उतरायची होती. शेजारी बैलांना टेम्पोत घालून रात्रीच गेले. आम्ही मामा-भाचे सकाळी मोटारीने निघालो. वाटेत बोलायला निवांत वेळ मिळेल, हा माझा बेत.

वर्ध्याहून आर्वीचा रस्ता आंजी, खरांगणा करीत जातो. थंडी चांगली होती. हरभरा घाट्यावर आला होता, तुरीच्या पेंढ्या बांधावर उभ्या होत्या, आणि पऱ्हाटीत शेवटच्या वेचणीच्या बाया दिसत होत्या. पुढे संत्र्याच्या बागा आंबिया बहारासाठी ताणावर सोडलेल्या. एका बागेत मात्र पाणी चालू होते. सवयीने मी मान वळवून पाहिले. भाचा हसला, म्हणाला, "मामाजी, आज रजा आहे ना?"

मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. गिअरच्या दांड्याला तो हातच लावीत नव्हता. ही मोटार आपोआप गिअर बदलणारी, क्लचचे पायडल तिला नाहीच. स्टेअरिंगच्या मागे मात्र दोन बाजूंना कानांसारख्या दोन पट्ट्या आहेत. उजवी ओढली की गिअर वर जातो, डावी ओढली की खाली येतो.

"मग क्लच कोण दाबते?" मी विचारले.

त्याने सांगितले ते असे. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिन एका बाजूचा पंखा फिरवते, तेल दुसरा फिरवते आणि तेथून जोर चाकांकडे जातो. पट्टी ओढली तरी गिअर बदलायचा की नाही हे शेवटी आतला संगणक ठरवतो. इंजिनाला झेपणार नसेल तर तो ऐकत नाही. "पट्टी ओढणे म्हणजे नुसता अर्ज, मामाजी. मंजुरी वरून." हे मला ताबडतोब कळले. तीस वर्षे सरकारी नोकरी झाली आहे.

मोटार कारखान्यातून आली तशी त्याने ठेवलेली नाही. कडक स्प्रिंगा, चांगले टायर, ब्रेकचे वेगळे पॅड आणि जास्त उष्णता सोसणारे ब्रेकचे तेल घातले आहे. इंजिनाच्या संगणकातही फेरफार करून ताकद वाढवून घेतली आहे. असा साज चढवून तो पहिल्यांदा पटावर गेला तो चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा पट 1990 साली सुरू झाला. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमला, महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर होत. नव्या पटाचा एक फेरा सुमारे 3.7 किलोमीटरचा आणि वळणे 12. शर्यत नसेल त्या दिवशी पैसे भरून आपली मोटार तेथे चालवता येते. नंबर काढीत नाहीत, बक्षीस नाही. डोक्याला हेल्मेट लागते.

"आधी तासभर शाळाच घेतली," तो सांगू लागला. पिवळा बावटा दिसला की पुढे धोका आहे, लाल दिसला की फेरा थांबवायचा, निळा दिसला की मागचा जोरात येतो आहे, त्याला वाट द्यायची. ब्रेक लावायचा तो सरळ रस्त्यावर, वळणात शिरण्याआधी. वळताना नजर चाकाजवळ ठेवायची नाही, वळण जिथे सुटते तिथे ठेवायची. टायर तापले की आतली हवा फुगते, म्हणून थांबल्यावर पुन्हा हवा मोजायची. फेरे आटोपून उभे राहिल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण लालबुंद तापलेले ब्रेक तसेच धरून बसतात. चाकाला उटी लावायची.

हे ऐकून मला बरे वाटले. ज्या खेळात आधी थांबायला शिकवतात तो अगदीच वाया गेलेला खेळ नसावा.

पहिल्या दोन पाळ्या उत्तम झाल्या. तिसऱ्या पाळीत समोर दिवा लागला, गिअरबॉक्सचे तेल तापल्याचा. ट्रॉली चढावर अर्ध्या क्लचने धरून ठेवली की जो वास सुटतो तो आपण सगळ्यांनी घेतलेला आहे. या मोटारीत क्लच नसला तरी तेल सारखे घुसळले जाते आणि घुसळण्याची उष्णता कोठे तरी जावी लागते. ताकद वाढवताना भाच्याने हे तेल थंड करण्याची सोय केली नव्हती. दिवा लागला तेव्हा हळू चालवीत बाहेर यायचे होते. त्याने मनाशी म्हटले, आता एकच फेरी. त्याच फेरीत गिअरबॉक्सने पट्टीचे ऐकणे सोडले, मोटार एका गिअरात अडकली आणि तो कडेकडेने रांगत बाहेर आला. दिवस तेथेच संपला. पुढच्या पाळ्यांचे पैसे बुडाले, तेल बदलण्याचा खर्च वेगळा.

"आईला हे सांगितलेले नाही," तो म्हणाला. "पण तेव्हापासून रस्त्यावर मी हळूच चालवतो. पटावर समोरून कोणी येत नाही, मामाजी. इथे काय येईल सांगता येत नाही." तेवढ्यात कापसाची गाडी बोळातून रस्त्यावर आलीच. तो आधीपासून सावकाश होता. मी तयार केलेले भाषण तसेच राहिले.

पटावर पोचलो तेव्हा धुरळा चढला होता. रताळी, चिवडा, उसाचा रस, खेळण्यांची दुकाने, आणि शेताच्या मधून सरळ आखलेला पट. नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट मोठा नावाजलेला, तेथे बायासुद्धा जोड्या हाकतात. हा त्या मानाने लहान. जोडी छकड्याला जुंपायची, धुरकऱ्याने कासरा धरायचा आणि घड्याळाशी झुंजायचे. सेकंदाच्या तुकड्यावर निकाल लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली हे पट बंद केले होते. डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्य बैल तपासतात, काठी आणि खिळ्याची तुतारी चालत नाही. ही अट फार आधी यायला हवी होती, असे माझे मत आहे. तुतारीने रक्ताळलेली पाठ मी लहानपणी पाहिली आहे.

शेजाऱ्याची जोडी गवळाऊ. पांढरी, अंगाने हलकी, निमुळत्या तोंडाची. हे आपल्या आर्वी, कारंजा, आष्टीकडचे वाण. मराठ्यांच्या फौजांचे सामान डोंगरवाटांनी झपाट्याने नेण्यासाठी ते वाढवले गेले, असे सांगतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचे सरकारी पैदास क्षेत्र आहे. गावोगाव मात्र शुद्ध गवळाऊ शोधावे लागते आणि त्यात माझाही हात आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीच घरोघर जाऊन सांगत असे की गवळाऊ गाय दूध देते किती, जर्सीचे रेत भरवा. दुधाचे ते खोटे नव्हते. गोठ्यातून काय जाईल ते मात्र मी मोजले नव्हते. या शेजाऱ्यांनी तेव्हा माझे ऐकले नाही, म्हणून आज ही जोडी आहे.

धुरकरी होता त्यांचा धाकटा मुलगा, वीस वर्षांचा. पहिली धाव सुरेख झाली. हरण्या आणि पाखऱ्या खांद्याला खांदा लावून गेले, पोराने कासऱ्याला झटका दिला नाही, आणि घड्याळाने जोडीला दुसऱ्या फेरीत घेतले. लगेच अमरावतीकडचा एक व्यापारी जवळ आला. दुसरी धाव अशीच झाली तर दोन लाखांच्या वर देतो, म्हणाला. शेजाऱ्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न फाल्गुनात ठरले आहे. आकडा ऐकून ते गप्पच झाले.

पाखऱ्या मागचा उजवा पाय टेकताना किंचित उचलून धरीत होता. डॉक्टरांनी पाय चाचपला. स्नायू थोडा ओढला असावा, म्हणाले, नियमाने अडवण्याइतके काही नाही, तुम्ही ठरवा.

पोरगा म्हणाला, "बाबा, एकच धाव हाय. मारू दे."

भाचा माझ्या शेजारी उभा होता. 'एकच' हा शब्द ऐकताच त्याने माझ्याकडे पाहिले. मग तो पुढे होऊन त्या पोराला बाजूला घेऊन गेला. काय बोलला ते मला ऐकू आले नाही, दिव्याचे सांगितले असेल. शेजारी माझ्याकडे वळले. "सायब, तुमी काय म्हंता?"

तीस वर्षे मी या माणसाला सल्ले देत आलो. त्या दिवशी म्हणालो, "तुमचा बैल, तुम्हांला जास्त कळतो."

ते पाखऱ्याजवळ गेले, त्याच्या मांडीवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. "गरम लागून रायली," म्हणाले. "मुका जीव हाय. सांगते कुठं?" आणि त्यांनी जोत्याची दोरी सोडली. व्यापारी थोडा वेळ थांबला, मग दुसऱ्या जोडीकडे गेला.

दुपारी पोराने बैलांचे पाय धुतले. रुसवा होता, पण हात हळू चालत होता. नंतर भाच्याने त्याला मोटारीत चालकाच्या जागी बसवले. त्याने उजवी पट्टी ओढून पाहिली, डावी ओढून पाहिली. इंजिन बंद होते. दोघे बराच वेळ तसेच बोलत बसले, दारे उघडी टाकून.

उन्हे उतरल्यावर टेम्पो आला. फळी लावली. हरण्या चढला. पाखऱ्याने पाय जपून फळीवर ठेवला, थांबला, आणि कोणी न हाकता वर गेला.